फॉस्टर मांजरासाठी घर निवडताना : खिडक्या, दारं आणि ‘आधीचं मांजर कसं गेलं?’

प्रश्न : मी मुलुंडला राहते. जुलैच्या पावसात आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये भिजत बसलेली, साधारण वर्षभराची पट्ट्यापट्ट्यांची मांजरी मी वर आणली. नाव ठेवलं ठमी. नसबंदी झाली, लसी झाल्या. माणसांना बुजते. पाहुणे आले की कपाटावर चढून बसते, पण रात्री माझ्या पायाशी झोपते. मी तिची फॉस्टर, म्हणजे तात्पुरती सांभाळणारी. माझी बदली होतेय, म्हणून तिला कायमचं घर हवंय. तीन जण विचारतायत. घोडबंदर रोडवरच्या टॉवरमधलं एक कुटुंब, त्यांना चार आणि सात वर्षांची दोन मुलं. अंधेरीला भाड्याच्या वन बीएचकेमध्ये राहणारं तरुण जोडपं, त्यांच्याकडे आधीच एक बोका आहे. आणि गिरगावात चाळीत एकट्या राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका. सगळेच प्रेमळ वाटतात. कुणाला देऊ? आणि खरं सांगायचं तर मला तिला देववतच नाही.

उत्तर :

तिघंही प्रेमळ आहेत हे मी धरूनच चालतो. मांजर मागायला येणारी माणसं बहुतेक प्रेमळच असतात. तरी दिलेली मांजरं परत येतात, हरवतात, खिडकीतून पडतात. खिडकीला जाळी नव्हती, घरमालक ऐनवेळी नाही म्हणाला, कामाला येणाऱ्या मावशींनी दार उघडं टाकलं, मे महिन्यात गावी जाताना मांजराचं काय करायचं ते कुणी ठरवलंच नव्हतं, अशी साधी कारणं त्यामागे असतात. तेव्हा कोण जास्त माया करेल हे सध्या बाजूला ठेवा. ठमीला काय जमतं आणि त्या घरात रोज काय घडतं, एवढंच पाहायचं.

सुरुवात ठमीपासून करा, कारण तुम्ही लोकांना तिच्याबद्दल काय सांगितलंय यावर बरंच अवलंबून आहे. ‘अतिशय प्रेमळ, खेळकर माऊला घर हवंय’ असं लिहिलं की फोन भरपूर येतात आणि सगळे चुकीच्या अपेक्षेनं येतात. त्यापेक्षा स्वच्छ लिहा : बुजरी आहे, नव्या घरात पहिले दोन-तीन आठवडे कदाचित दिसणारही नाही, उचलून घेतलेलं आवडत नाही, पण एकदा विश्वास बसला की रात्री पायाशी येऊन झोपते. निम्मे फोन बंद होतील. होऊ देत. फोटो काढताना मोबाइल तिच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा, खिडकीचा उजेड असू दे, आणि कपाटावर चढून बसलेलीचाही एक फोटो द्या. ऑपरेशनच्या वेळी कानाचं टोक कापलं असेल तर तेही सांगून टाका. नसबंदीची ती खूण आहे हे अनेकांना माहीत नसतं, आणि ‘कान कुणी तोडला हिचा?’ या प्रश्नावर सगळं संभाषण तिथेच अडकतं.

ठमीचा बुजरेपणा जाईल का, हे तिघंही तुम्हाला विचारतील. मांजराच्या पिल्लाला माणसाची सवय लागण्याचा खरा काळ जन्मानंतरच्या दुसऱ्या ते सातव्या आठवड्याचा. तो काळ जिचा गाड्यांखाली गेला, ती मांजर पुढे माणसं शिकते, पण एकेक करून शिकते. तुम्ही तिच्यासाठी झालेलं पहिलं माणूस. दुसरं होईल, तिसरंही होईल. पण येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या मांडीवर बसणारी मांजर ती होणार नाही, आणि तशी करून दाखवू असं म्हणणाऱ्या घरापासून जरा सावध राहा.

आता फोनवर बोलण्याबद्दल. ज्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असं देता येतं, तो प्रश्न विचारून काहीच कळत नाही. ‘खिडक्यांना जाळी आहे ना?’ ‘हो हो, आहे की.’ ‘डॉक्टरकडे न्याल ना?’ ‘म्हणजे काय!’ त्याऐवजी म्हणा, प्रत्येक खिडकीचा एकेक फोटो पाठवता का? शेवटचं कुठल्या डॉक्टरकडे गेला होतात? गणपतीत घर किती दिवस बंद असतं, आणि तेव्हा मांजर कुठे असेल? कोकणातल्या माणसाला हा प्रश्न हमखास विचारायचा, कारण गणपतीला तो गावी जाणार म्हणजे जाणारच. ‘शेजारच्या काकू येऊन खायला घालतील, चावी त्यांच्याकडेच असते’ हे पक्कं उत्तर. ‘बघू तेव्हाचं तेव्हा’ हे उत्तर नव्हे. ‘बरोबर नेऊ, गावी मोकळं हिंडेल’ हे तर सगळ्यात वाईट. अनोळखी वाडीत सोडलेलं घरातलं मांजर बहुतेक वेळा परतीच्या गाडीच्या वेळी सापडत नाही.

माझा सगळ्यात आवडता प्रश्न मात्र एकच : तुमच्याकडचं आधीचं मांजर कसं गेलं? तो सहज, गप्पांच्या ओघात विचारा आणि मग गप्प बसा. ‘चौदा वर्षांची होती, किडनी गेली, शेवटी शेवटी घरीच सलाइन देत होतो’ असं ऐकलंत की अर्धी पसंती तिथेच झाली. ‘खिडकीतून पडलं’ असं कुणी सांगितलं तर लगेच फुली मारू नका, पुढचं ऐका. त्यानंतर जाळी बसवली असेल तर तो माणूस जाळी न बसवलेल्या दहा जणांपेक्षा बरा. ‘गेलं कुठेतरी, बोका होता ना, बोके जातातच’ म्हणजे नसबंदी केली नव्हती आणि दार उघडं होतं. ‘गावी सोडून आलो, मस्त आहे तिथे’ याचा अर्थ मी तुम्हाला सांगायला नको. आणि ‘पिल्लू होतं, दोन दिवसांत उलट्या-जुलाबानं गेलं’ असं उत्तर आलं तर केव्हा ते नक्की विचारा. तो पॅनल्युकोपेनिया, म्हणजे मांजरांचा जीवघेणा साथीचा आजार असू शकतो, आणि त्याचा विषाणू घरात वर्षभरही टिकून राहतो. साध्या फिनाइलच्या पोछ्यानं तो जात नाही, पाण्यात मिसळलेलं ब्लीच लागतं. ठमीच्या लसी पूर्ण आहेत, तिला फार भीती नाही. पण तुम्ही पुढे कधी लहान पिल्लं सांभाळलीत तर हा प्रश्न विसरू नका.

फोनवर जमलं की घर पाहायला जायचंच. घोडबंदर लांब पडतं वगैरे सबबी नकोत. फार तर आधी व्हिडिओ कॉलवर घर फिरून दाखवायला सांगा, म्हणजे एखादी फेरी वाचेल.

घरात शिरल्यावर चहा नंतर, आधी खिडक्या. स्लायडिंग खिडकीचा एक भाग मुंबईत बारा महिने उघडा असतो, त्यावर मच्छरजाळी असते आणि घरचे तिलाच जाळी म्हणत असतात. वेल्क्रोनं चिकटवलेल्या त्या जाळीवर मांजर चढलं की ती कडेनं सुटते आणि मांजर जाळीसकट बाहेर जातं. बाहेरचा लोखंडी बॉक्स ग्रिल बघून तर लोक अगदीच निर्धास्त असतात. ग्रिलच्या दोन गजांमध्ये आपली मूठ घालून बघा. मांजराचं डोकं जिथून गेलं तिथून मांजर गेलं, हा हिशेब लक्षात ठेवा. कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी बरी, पण ती कोपऱ्यात दोन बोटांनी धरून ओढायची. हुक लांब लांब असतील तर मधे झोळ पडतो आणि तिथून मांजर अंग चोरून निघतं. दोन-चार उन्हाळे खाल्लेली जाळी तर हातातच तुटते, मी ओढून दाखवली की घरचेच चपापतात.

मग बाथरूम. हे सगळ्यांचंच राहून जातं. जुन्या इमारतींत बाथरूमला वर काचेच्या पट्ट्यांची खिडकी असते. त्या पट्ट्या ॲल्युमिनियमच्या खाचांत नुसत्या सरकवलेल्या असतात, एखादी आधीच पडलेली असते, आणि पलीकडे डक्ट, म्हणजे पाइपांसाठी सोडलेली अरुंद उभी पोकळी. त्या डक्टमध्ये पाइपांच्या मागे अडकलेलं मांजर बाहेर काढणं म्हणजे काय, ते ज्यानं केलंय त्यालाच माहीत. स्वयंपाकघरात एक्झॉस्ट फॅनचं भोक, एसीच्या पाइपसाठी पाडलेलं आणि नंतर बुजवायचं राहिलेलं भोक, हेही बघा. ‘मांजर कसंही पडलं तरी पायांवरच उतरतं’ असं कुणी म्हटलं तर त्यांना सांगा, उतरतं, पण तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरून उतरताना जबडा, छाती आणि पाय फोडून घेतं. कबुतराच्या मागे, ओल्या कठड्यावर, किंवा चौकटीवर झोपेत कूस बदलताना, असंच पडतात ती.

दाराचं तसंच. सेफ्टी डोअर लावून आतलं दार दिवसभर उघडं ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे. त्या सेफ्टी डोअरच्या नक्षीतून मांजर जातं का ते बघा. दिवसात दार कितीदा उघडतं ते मोजा : दूधवाला, कचरा न्यायला येणारा, कामाच्या मावशी, कुरिअर, मुलांचे मित्र. घरचे कितीही जपत असोत, मांजर मावशींच्या पायांमधून निसटणार. म्हणून शक्य असेल तर मावशींशीही दोन शब्द बोला. मांजराचा त्यांना तिटकारा आहे की त्याच ‘ये गं मने’ म्हणतायत, हे एका मिनिटात कळतं.

बुजऱ्या मांजराला किती चौरस फूट लागतात, असं मला अनेक जण विचारतात. फार लागत नाहीत. तिला उंची लागते. कपाटाच्या वर, माळ्यावर, फ्रिजवर बसायला जागा हवी आणि तिथून तिला कुणी ओढून काढता कामा नये. टॉवरमधल्या मोठ्या घरात फॉल्स सीलिंगपर्यंत भिडलेली कपाटं असतील तर तिथे बसायला फळीसुद्धा नसते. चाळीतल्या खोलीत माळा असतो. खोल्या मोजून घर ठरवू नका.

सोसायटी आणि घरमालक या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत करू नका. ॲनिमल वेल्फेअर बोर्डानं २०१५ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमतानंसुद्धा पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. त्यामुळे चेअरमननं डोळे वटारले तरी घर स्वतःचं असेल तर फार घाबरायचं कारण नाही. भाड्याच्या घरात मात्र अकरा महिन्यांचा करार असतो आणि नूतनीकरण मालकाच्या मर्जीवर. तिथे नियम दाखवून वाद जिंकता येतो, घर टिकत नाही. म्हणून मालकाचा ‘मांजर चालेल’ असा साधा मेसेज तरी मागा. त्याच्या जोडीला एक मुंबईचाच प्रश्न विचारायचा : इमारत पुनर्विकासाला जाणार आहे का, आणि मग तुम्ही कुठे जाल? जुन्या इमारती रिकाम्या झाल्या की मागे मांजरं राहिलेली दिसतात. त्यातली सगळीच रस्त्यावरची नसतात.

आता तुमची तीन घरं.

घोडबंदरचं कुटुंब चांगलं आहे, पण ठमीसाठी नाही. चार वर्षांच्या मुलाला मांजर हवं असतं ते धरायला. त्यात त्या मुलाची काही चूक नाही. ठमी पलंगाखाली जाईल, मूल मागोमाग जाईल, ती पंजा मारेल, आणि आठव्या दिवशी तुम्हाला फोन येईल की मांजर चावरं आहे. त्यांना सरळ सांगा : तुमच्या घरात माणसांमध्येच वाढलेली तीन-चार महिन्यांची दोन पिल्लं जास्त शोभतील. दोन का, तर एकटं पिल्लू खेळायला माणसाचे हातपाय धरतं, दोघं असली की एकमेकांना धरतात. टॉवरमधल्या काचांच्या खिडक्यांना आधी जाळी, मग पिल्लं. तुमच्या ओळखीतल्या दुसऱ्या फॉस्टरकडे पिल्लं असतील तर हे घर तिकडे पोचवा. नकार दिलेलं चांगलं घर वाया घालवायचं नसतं.

अंधेरीचं जोडपं मला आवडलं, कारण त्यांच्याकडे बोका आहे, म्हणजे त्यांचं वागणं तपासता येतं. बोक्याची लसीची फाइल बघायला मागा. नसबंदी झालीय का? झाली नसेल तर तो घरभर फवारे मारत असणार, आणि तेवढ्यावरूनही बरंच कळतं. हे दोघं बोक्याला घेऊन भाड्याची घरं बदलत आले असतील तर ती त्यांची फार मोठी शिफारस आहे. पुढच्या घरबदलातही ते मांजर सोडणार नाहीत असं मानायला जागा आहे. त्यांच्या डॉक्टरांना फोन करायला परवानगी मागा. खरे पालक आनंदानं देतात.

पण त्यांना दोन गोष्टी विचारायला लाजू नका. पहिली, मूल झालं तर? हा खासगी प्रश्न वाटतो, तरी विचारायचा, कारण बाळाची चाहूल लागली की सासर-माहेर एक होऊन मांजराला घराबाहेर काढतात. टॉक्सोप्लाझ्माची, म्हणजे मांजराच्या विष्ठेतून येणाऱ्या आणि गर्भाला अपाय करू शकणाऱ्या जंतूची भीती घालणारा कुणीतरी नातेवाईक निघतोच. त्यातलं खरं एवढंच आहे : लागण झालेलं मांजर आयुष्यात साधारणपणे एकदाच, एक ते तीन आठवडे विष्ठेतून ते जंतू टाकतं, आणि बाहेर पडल्यावर ते घातक व्हायला किमान एक दिवस जातो. लिटर बॉक्स (मांजराच्या शी-शूचा वाळूचा डबा) रोजच्या रोज साफ झाला आणि ते काम गर्भवतीऐवजी नवऱ्यानं केलं, की धोका फार कमी उरतो. घरातच राहणाऱ्या, कच्चं मांस न खाणाऱ्या मांजराचा तर आणखीच कमी. अर्ध्या कच्च्या मांसातून आणि न धुतलेल्या भाजीतून होणारी लागण लोकांच्या गावीही नसते. हे ऐकून ‘हो, आम्हाला डॉक्टरांनीही हेच सांगितलं’ म्हणणारं जोडपं उत्तम.

दुसरी, बोका आणि ठमी यांची ओळख कशी करून देणार? ‘सोडू समोरासमोर, भांडतील दोन दिवस, मग होतील दोस्त’ असं म्हणाले तर त्यांना रीत शिकवावी लागेल. ठमीला बेडरूममध्ये दार बंद करून ठेवायचं, तिचा लिटर बॉक्स, पाणी, खाणं सगळं आत. बोका बाहेर. आठवडाभर दोघांनी एकमेकांना बघायचं नाही, फक्त वास घ्यायचा : तिच्या अंथरुणातलं फडकं त्याच्याकडे, त्याचं तिच्याकडे. मग बंद दाराच्या दोन बाजूंना दोघांच्या वाट्या, रोज थोड्या थोड्या जवळ. गुरगुर न करता दाराशी खायला लागले की दार बोटभर उघडायचं. फुसकारणं चालतं, अंगावर धावणं चालत नाही, धावला तर एक पायरी मागे. लिटर बॉक्स मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त, म्हणजे दोघांना तीन, आणि तिन्ही एकाच कोपऱ्यात नकोत, नाहीतर बोका तिथे पहारा देत बसेल. वन बीएचकेमध्ये हे जमतं, पण महिनाभर नवरा-बायकोला बेडरूम ठमीबरोबर वाटून घ्यावी लागेल. तयारी आहे का, विचारा. तुमच्याकडे दुसरं मांजर नसल्यामुळे ठमी इतर मांजरांशी कशी वागते हे कुणालाच माहीत नाही, हेही त्यांना सांगा. पार्किंगमधल्या काही मांजरींना धीट बोका सोबतीला मिळाला की माणसांची भीतीही कमी होते, काही उलट आणखी कोपऱ्यात जातात.

गिरगावच्या बाईंचं घर कागदावर सगळ्यात कच्चं दिसतं : एक खोली, सामाईक गॅलरी, दिवसभर उघडं दार, वय झालेलं, एकट्या. मला मात्र तेच ठमीला सगळ्यात जवळचं वाटतं. घरात एकच माणूस, ते दिवसभर हजर, आवाज हळू, रोजचा क्रम ठरलेला. एकेक माणूस शिकणाऱ्या मांजरीला याहून सोपं घर मिळणार नाही. शिवाय त्या पिढीतल्या बायकांच्या मनात ‘मांजर मारलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर द्यावं लागतं’ हे लहानपणापासून बसलेलं असतं. त्याची चेष्टा करू नका, मांजराच्या ते पथ्यावरच पडतं.

अडचणी आहेत, पण त्या सोडवता येण्यासारख्या आहेत. दाराला आतून जाळीचं दुसरं दार बसवायचं. चाळीत डासांसाठी अनेकांनी ते केलेलं असतंच, इथे फक्त जाळी मजबूत, तारेची लागेल. खिडकीलाही तीच. दुसरं, त्या आजारी पडल्या तर ठमी कुणाकडे, त्याचं एक नाव हवं. भाचा, शेजारची मुलगी, जुनी विद्यार्थिनी, कुणीही चालेल, पण त्या व्यक्तीशी तुम्ही स्वतः बोला. बाईंनी परस्पर दिलेल्या नावावर थांबू नका. तिसरं, खाणं. दूध-पोळीवर मांजर जगतं असं त्यांना वाटत असेल तर प्रेमानं समजवा : मोठ्या मांजरांना बहुधा दूध पचत नाही, आणि मांसामासळीतून मिळणारं टॉरिन हे पोषकद्रव्य नसेल तर डोळे आणि हृदय दोन्ही खराब होतात. घरात मासे होत नसतील तर पाकिटातलं खाणं आहेच. घरच्या औषधांचंही सांगा : तापावरची पॅरासिटामॉलची अर्धी गोळीसुद्धा मांजराचा जीव घेते. हार-गुच्छांतली लिलीही घरात नको, तिचे परागसुद्धा मांजराच्या किडन्या निकामी करतात.

राहिला आवाज. गिरगावात गुढीपाडव्याची शोभायात्रा असते, आणि अनंत चतुर्दशीला चौपाटीकडे जाणाऱ्या मिरवणुकांचे ढोल-ताशे खिडकीला हादरे देतात. बुजऱ्या मांजरीला ते जड जाणार. त्या दिवसांत माळ्यावर किंवा कपाटात जुन्या साड्यांची घडी टाकून तिला लपायला जागा द्यायची, दार बंद ठेवायचं, आणि ती बाहेर आली नाही तरी हाका मारत बसायचं नाही. घोडबंदरच्या टॉवरमध्येही दिवाळीला फटाके आहेतच, मुंबईत शांत घर म्हणजे आवाज कमी दिवस असलेलं घर. डॉक्टरांच्या बाबतीत बाईंची सोय तुमच्यापेक्षा बरी आहे. परळचं बैलघोडा हॉस्पिटल लांब नाही, आणि २०२४ पासून महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं प्राण्यांचं हॉस्पिटलही आहे. फक्त रात्री टॅक्सीत कॅरिअर (मांजर न्यायची बंद पेटी) घेऊन कोण जाईल, तर पुन्हा तेच दुसरं नाव.

ज्याला द्यायचं ठरेल त्याला आधी तुमच्या घरी बोलवा, दोन तास बसू द्या. ठमी कपाटावरून खाली येणार नाही, तरी चालेल. ती येत नाही म्हणून ज्याची चुळबूळ होते आणि जो गप्प बसून चहा पितो, या दोघांतला फरक तुम्हाला दिसेल. ॲलर्जीही तेव्हाच कळते. ती केसांची नसते, लाळेतल्या आणि कातडीतल्या एका प्रथिनाची असते, त्यामुळे ‘हिचे केस आखूड आहेत, हिचा त्रास होणार नाही’ या हिशेबाला अर्थ नाही.

कागद करून घ्या. साधा मराठीत लिहिलेला चालेल : घरातच ठेवू, दुसऱ्याला परस्पर देणार नाही, नको झाली तर तुम्हालाच परत. शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची. कायद्याच्या धाकाची मात्र फार आशा धरू नका. जनावराला उपाशी-तहानलेलं राहील अशा अवस्थेत वाऱ्यावर सोडणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, पण पहिल्या खेपेला दंड दहा ते पन्नास रुपये. कागदाचा उपयोग एवढाच की सही करताना माणूस एकदा थांबतो. पैसे मी घेत नाही. त्याऐवजी कॅरिअर, लिटर बॉक्स आणि जाळी त्यांनी स्वतः आणायची, आणि जाळी लागल्याचा फोटो आल्याशिवाय मांजर निघणार नाही. जाळीवाल्याला बोलावून, त्याची वाट बघून, त्याला पैसे देऊन झालेल्या माणसाचं मन बऱ्यापैकी पक्कं झालेलं असतं.

आणि दोन घरांना नाही म्हणावं लागेल. कारणं देत बसू नका. ‘ठमीच्या स्वभावाला दुसरं घर जास्त जुळतंय’ एवढं पुरे. जो त्यावर भांडतो, त्याला नाही म्हटलं ते बरंच झालं.

सोडायला रविवारी सकाळी जा. गणपती, दिवाळी, घरात लग्नकार्य असेल तो आठवडा टाळा. रिक्षा सायनच्या पुढे शहरात जात नाही, म्हणून थेट टॅक्सी करा, मधे गाडी बदलताना कॅरिअरचं दार सुटण्याची भीती नको. कॅरिअरमध्ये तिच्या रोजच्या अंथरुणाची चादर, न धुतलेली. तुम्ही वापरता तेच लिटर आणि तेच खाणं आठवडाभराचं बरोबर द्या. पोचल्यावर कॅरिअर एका कोपऱ्यात ठेवून दार उघडायचं आणि तिला स्वतःहून बाहेर येऊ द्यायचं, ओढायचं नाही. पहिल्या दिवशी न खाणं नेहमीचं आहे. दुसऱ्या दिवशीही तोंड लावलं नाही तर डॉक्टरांना फोन, कारण मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की यकृतावर ताण येतो. पहिल्या रात्री ती ओरडेल. बाईंना आधी सांगून ठेवा, नाहीतर रात्री दोनला तुम्हाला फोन येईल आणि तुम्ही टॅक्सी करून तिला परत आणाल.

देववत नाही म्हणालात. बदलीच्या गावी तिला नेता येत असेल, तिथल्या घराला जाळी लागत असेल, तर न्या की. फॉस्टरनं ठेवून घेणं हा काही गुन्हा नाही. पण मग आजच ठरवा आणि तिघांना कळवून टाका, त्यांना ताटकळत ठेवू नका. नेता येत नसेल तर जायच्या आदल्या दिवसापर्यंत लांबवू नका. दिल्यावर निदान महिनाभर तुम्ही मुंबईत असायला हव्यात, म्हणजे नाही जमलं तर ठमीला परत यायला मुलुंडचं घर असेल. पहिल्या आठवड्यात रोज एक फोटो मागा, मग आठवड्यानं एक, आणि स्वतः भेटायला दोन-तीन महिने जाऊ नका. तुमचा वास आला की ती पुन्हा दाराशी बसेल.

माझा क्रम असा : बाईंना फोन करून जाळीचं दार आणि ते दुसरं नाव, या दोन गोष्टींचं विचारा. दोन्हींना हो आलं तर ठमी गिरगावला. ‘मला नको बाई जाळीबिळी, माझं लक्ष असतं’ असं उत्तर आलं तर त्यांचे आभार मानून अंधेरीला फोन लावा, आणि घरमालकाचा मेसेज मागा.